दोन बोटं, पाच हिशेब: अपंगत्वाचा दावा ईएसआयकडे, मालकाकडे की विमा कंपनीकडे?

प्रेसमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनमध्ये) बोटं गेलेला माणूस ड्रेसिंग केलेला हात छातीशी धरून समोर बसतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती टक्के धरतील?" भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा, कर्मचारी राज्य विमा योजना) आणि पीएफचे कागद करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर देण्याआधी मीच उलट विचारतो, "टक्के कशाचे?"

कारण टक्के एका प्रकारचे नसतात. जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराचे असतात. विमा पॉलिसीतले टक्के त्या कंपनीनं छापलेल्या कोष्टकाचे असतात. ईएसआय आणि कामगार भरपाईच्या कायद्यातले टक्के कमाईची ताकद किती गेली याचे असतात. हात एकच, पण तीन टेबलांवर तीन आकडे निघतात. एका टेबलावरचं प्रमाणपत्र दुसऱ्या टेबलावर नेऊन "हे घ्या, माझे टक्के ठरलेत" असं म्हणणारे लोक हेलपाटे घालून थकतात. म्हणून कुठली योजना चांगली हे बघायच्या आधी ती योजना मोजते काय, हे पाहिलं पाहिजे.

एकच उदाहरण धरून चालू. पस्तीस वर्षांचा प्रेस ऑपरेटर, महिना १८,००० रुपये पगार. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. शेजारच्या रकान्यात तोच माणूस, पण मनगटापासून पंजा गेलेला.

| कुठून | दोन बोटं | पूर्ण पंजा |
|---|---|---|
| ईएसआय | रोज १०८ रु., आयुष्यभर | रोज ३२४ रु., आयुष्यभर |
| मालकाकडून, भरपाई कायद्यानं | ३,५४,७०८ रु. एकदाच | १०,६४,१२४ रु. एकदाच |
| १० लाखांची अपघात पॉलिसी | सुमारे १,६०,००० रु. | सुमारे ५,००,००० रु. |
| प्रधानमंत्री सुरक्षा बीमा | शून्य | १,००,००० रु. |
| पीएफची अपंगत्व पेन्शन | शून्य | सहसा शून्य |

आता हे आकडे कुठून आले ते सांगतो, कारण निर्णय त्यातच आहे.

ईएसआय की मालक: इथे निवड तुमची नसते

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर (आधीच दिव्यांग असलेल्या कामगाराला ही मर्यादा २५,००० आहे) तुम्ही ईएसआयमध्ये येता. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. एकदा ईएसआयचं छत्र असलं की त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, ईएसआय कायद्यातच तसा मज्जाव आहे. छत्र लागू नसेल तर १९२३ चा कामगार भरपाई कायदा. म्हणजे "मी ईएसआय सोडून मालकाकडून एकरकमी घेतो" हा पर्यायच नसतो, कोणी कितीही गोड बोलून सुचवला तरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले. ब्रँच ऑफिसात आणि कोर्टाच्या आवारात अजून जुन्याच नावांनी बोललं जातं, म्हणून मीही तीच वापरतोय.

ईएसआयचा हिशेब असा. १८,००० पगार म्हणजे दिवसाला साधारण ६०० रुपये. बरे होईपर्यंत त्याच्या ९० टक्के, म्हणजे रोज ५४० रुपये. जखम भरल्यावर टक्के ठरवणारं डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड बसतं. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के लिहिलेत, पंजा गेला तर ६०. त्या ५४० चे २० टक्के म्हणजे १०८ रुपये रोज, महिन्याला सव्वातीन हजारांच्या आसपास, आणि ते मरेपर्यंत. पुन्हा कामावर रुजू झालात, पूर्ण पगार मिळायला लागला तरी ही रक्कम बंद होत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. "कामावर गेलो तर पेन्शन जाईल" या भीतीनं घरी बसलेली माणसं मी पाहिलीत आणि त्याचं फार वाईट वाटतं.

भरपाई कायद्यात पगार कितीही असला तरी हिशेबाला १५,०००च धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. त्याच्या ६० टक्के ९,०००. त्याला वयाचा गुणक: पस्तिसाव्या वर्षी १९७.०६, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. गुणाकार १७,७३,५४०. हा झाला पूर्ण कायमच्या अपंगत्वाचा आकडा. त्याचे २० टक्के ३,५४,७०८. उपचार चालू असताना मात्र महिन्याला धरलेल्या १५,००० पगाराच्या निम्मेच, म्हणजे आपल्या माणसाला ७,५००. ईएसआयच्या ५४० रोजाशी तुलना केली तर घरखर्चाला हे फार तोकडं पडतं.

समोर एकदम साडेतीन लाख दिसले की १०८ रुपये रोज क्षुल्लक वाटतात. पण नऊ वर्षांत ते १०८ साडेतीन लाखांच्या पुढे जातात, आणि माणूस पस्तिशीचा आहे. साडेतीन लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर रोजचे ६८ रुपये व्याज सुटेल, मुद्दल शिल्लक राहील, हेही खरं. पण मुद्दल शिल्लक राहिलेलं मी क्वचितच पाहिलंय. बहिणीचं लग्न, गावाकडचं कर्ज, घराचा स्लॅब. ती गरज खोटी नसते. म्हणूनच दर महिन्याला खात्यात पडणारी छोटी रक्कम मला जास्त भरवशाची वाटते. शिवाय ईएसआयचा दवाखाना असतो आणि पहिल्या दिवसापासून हक्क असतो. आजारपणाच्या लाभाला जशी हजेरीची अट आहे तशी कामावरच्या इजेला नाही. कामावर लागून चार दिवस झाले असले तरी हक्क पूर्ण. २०१० पासून घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरतात.

मालकानं नावच नोंदवलं नव्हतं तर? तरी हक्क जात नाही. ईएसआय कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. ठेकेदाराचा कामगार असाल तर मुख्य मालकही जबाबदार असतो. "तू ठेकेदाराचा, आमचा नाहीस" हे वाक्य ऐकून परत फिरू नका.

आणि भरपाई कायद्यात कोणी स्टॅम्प पेपरवर "मला पन्नास हजार मिळाले, आता काही तक्रार नाही" असं लिहून घेतलं असेल, तर हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दबातल ठरतो. त्यावर सही केलीय म्हणून गप्प बसू नका. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, उशिराच्या रकमेवर १२ टक्के व्याज मिळतं आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर दंडही लागतो.

परिशिष्टातले टक्के हा शेवटचा शब्द नाही, हे इथे सांगायलाच हवं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयानं प्रताप नारायण सिंग देव खटल्यात त्याचं अपंगत्व पूर्ण, म्हणजे शंभर टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. पुढे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या रस्ते अपघाताच्या खटल्यात हाच विचार न्यायालयानं आणखी उलगडून सांगितला: डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, कारकुनाची तशी जाईलच असं नाही. तेव्हा दाव्याच्या अर्जात नुसतं "हाताला इजा" लिहू नका. तुम्ही दिवसभर त्या हातानं काय करत होता ते लिहा: जॉब डाव्या हातानं धरून उजव्यानं लिव्हर ओढणं, गेज धरणं, वीस किलोचा ट्रे उचलणं. आकडा याच वर्णनावर हलतो.

स्वतःची अपघात पॉलिसी: साधी, पण कोष्टकाला बांधलेली

याला बाजारात पीए म्हणतात, पर्सनल ॲक्सिडेंट. ईएसआय किंवा मालकाच्या भरपाईच्या वर ही मिळते, एकीमुळे दुसरी कमी होत नाही. दोन पॉलिसी असतील तर दोन्हींची रक्कम मिळते, फक्त दुसरी घेताना पहिली जाहीर केलेली हवी.

तिची मर्यादा तिच्या कोष्टकात आहे. अनेक कंपन्यांच्या कोष्टकात अंगठ्याला २५ टक्के, तर्जनीला १०, मधल्या बोटाला ६, अनामिकेला ५, करंगळीला ४ असे आकडे असतात. म्हणून दहा लाखांवर आपल्या माणसाला १६ टक्के. तो प्रेस चालवत होता की हिशेब लिहीत होता, याच्याशी या कोष्टकाला घेणंदेणं नाही. सुतारासारखा युक्तिवाद इथे चालत नाही. हप्ता ठरवताना मात्र कंपनी काम विचारते: ऑफिसातला माणूस खालच्या जोखमीत, मशीनवरचा आणि ड्रायव्हर वरच्या. एजंट हप्ता कमी दिसावा म्हणून "सर्व्हिस" एवढंच लिहितो. तसं लिहू देऊ नका. "पॉवर प्रेस ऑपरेटर" असं स्पष्ट लिहून घ्या, दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. दाव्याच्या वेळी कंपनीचा तपासनीस पहिल्यांदा हाच रकाना बघतो.

पॉलिसी वाचताना आणखी तीन जागा पाहाव्यात. अपघातापासून किती दिवसांत अपंगत्व सिद्ध व्हायला हवं, बहुतेक ठिकाणी बारा महिने. तात्पुरत्या अपंगत्वाची आठवड्याची भरपाई आहे का, कारण प्लॅस्टरमध्ये गेलेले तीन महिनेच घर बुडवतात आणि हे कलम बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं. आणि वगळलेल्या गोष्टी: दारू, परवाना नसताना गाडी चालवणं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'सरल सुरक्षा बीमा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. बारीक अक्षरं वाचायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी ती बरी.

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, बँक खात्यातून आपोआप जातो, १ जून ते ३१ मे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय, तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात वा पाय गेला तर १ लाख. बोटांना काही नाही. वीस रुपयांत याहून जास्त मागणं बरोबर नाही, पण "माझा विमा आहे" असं म्हणत दुसरं काहीच न घेणारे लोक याच्यावरच विसंबलेले असतात. मे महिनाअखेर खात्यात वीस रुपये नसल्यामुळे विमा तुटला, असंही होतं. पासबुकात ती नोंद दरवर्षी बघा. आणि हिचीच जोडीदार जीवन ज्योती योजना ४३६ रुपयांची आहे, तिच्यात अपंगत्वाला काहीही मिळत नाही, ती फक्त मृत्यूसाठी.

एलआयसीच्या पॉलिसीबरोबर घेतलेला अपघाती अपंगत्वाचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, वेगळा. तो पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वालाच चालतो, रक्कम दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी मिळते आणि पुढचे प्रीमियम माफ होतात. दोन बोटांसाठी त्याचा उपयोग नाही.

आजारानं अपंगत्व आलं तर सगळं चित्र उलटतं

वरच्या निम्म्या गोष्टी फक्त अपघाताच्या आहेत. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, तर पीए पॉलिसी आणि सुरक्षा बीमा दोन्हींकडून शून्य. भरपाई कायदाही कामाशी जोडलेल्या आजारांपलीकडे जात नाही. उरतात ईएसआय, पीएफ आणि गंभीर आजाराची पॉलिसी.

ईएसआयमध्ये आजारपणाला वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार. अर्धांगवायूसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत, पण त्याला आधीच्या दोन वर्षांच्या नोकरीची अट आहे. पीएफच्या पेन्शन योजनेत कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट नसते, एक महिन्याची वर्गणी पुरते. पेन्शन लहान असते, किमान १,००० रुपये. दहा वर्षं झाली नाहीत म्हणून अर्जच न करणारे लोक असतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. गंभीर आजाराच्या पॉलिसीत पक्षाघात सहसा असतो, पण सुरुवातीच्या प्रतीक्षा काळाची आणि आजारानंतर ठरावीक दिवस जगण्याची अट असते.

घरात रक्तदाब किंवा साखर असलेल्या चाळिशीच्या माणसानं दहा लाखांऐवजी वीस लाखांची अपघात पॉलिसी घेण्यापेक्षा तेच पैसे गंभीर आजाराच्या पॉलिसीत घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मशीनवरच्या पंचविशीच्या मुलानं मात्र आधी अपघाताचीच घ्यावी.

रस्त्यावर कामाला असाल तर

टेम्पोचालक, डिलिव्हरी करणारे यांच्यापुढे खरोखरची निवड असते. कामावर असताना रस्त्यावर अपघात झाला तर भरपाई कायदा किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण, दोन्हींपैकी एकच. भरपाई कायद्यात कोणाची चूक ते सिद्ध करावं लागत नाही, पण १५,००० ची मर्यादा आडवी येते. न्यायाधिकरणात समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण खरा पगार आणि पुढे वाढणारी कमाई धरतात, त्यामुळे आकडा मोठा निघतो. अर्जाची मुदत तिथे सहा महिन्यांची. समोरची गाडी पळून गेली आणि साक्षीदार नाही, तर भरपाई कायदा. समोरच्यावर गुन्हा नोंदला गेलाय, पंचनामा स्वच्छ आहे, तर न्यायाधिकरण.

पहिला केस पेपर

दावे बुडतात ते बहुतेक वेळा पहिल्या तासात. एका वर्कशॉपमधला मुलगा माझ्याकडे आला होता, अंगठा आणि तर्जनी गेलेली. सुपरवायझरनं त्याला ईएसआयच्या दवाखान्यात न नेता जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं, बिल कंपनीनं भरलं. मुलगा आणि त्याची आई त्या बिलामुळे कंपनीचे उपकार मानत होते. मी केस पेपर उलटून पाहिला. वरच्या ओळीत निळ्या शाईनं लिहिलं होतं: 'घरी लोखंडी दारात हात अडकला.' त्याच्यासमोर ते लिहिलं गेलं तेव्हा तो वेदनेनं अर्धा बेशुद्ध होता. त्या एका ओळीनं कामावरची इजा घरची झाली.

तो दावा शेवटी उभा राहिला तो गेटवरच्या हजेरी मशीनच्या नोंदीमुळे, शेजारच्या मशीनवरच्या दोघांच्या जबाबामुळे आणि त्याच्या भावानं त्याच दुपारी मोबाइलवर काढलेल्या फोटोमुळे. फोटोत प्रेसच्या टेबलावर रक्तानं भिजलेलं कापड होतं आणि मागच्या भिंतीवर उत्पादनाचा फळा, त्यावर तारीख. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं तो फोटो मोठा करून तारीख वाचली. या सगळ्यात अकरा महिने गेले आणि तोवर घरात त्याच्या आईच्या धुण्याभांड्याच्या पैशांवर चूल पेटत होती.

म्हणून सोबत जाणाऱ्यानं डॉक्टरांना स्वतः सांगावं: कुठल्या मशीनवर, किती वाजता, कुठल्या शिफ्टमध्ये. कागदावर काय लिहिलं ते वाचून घ्यावं. अपघाताच्या नोंदवहीत नोंद झाली का ते विचारावं, ईएसआयकडे मालकानं अपघाताचा अहवाल पाठवला का ते विचारावं आणि त्याची प्रत ठेवावी. तोंडी सांगितलं म्हणाले तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी कळवावं, तो संदेशही पुरावा असतो.

मेडिकल बोर्डानं टक्के कमी दिले तर अपील करता येतं, मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे किंवा थेट ईएसआय कोर्टाकडे. विमा कंपनीनं दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, एका महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

नोकरी: राजीनाम्यातले दोन शब्द

सरकारी नोकरी आणि खाजगी नोकरी यांत इथे जमीन-अस्मानाचं अंतर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, त्याची श्रेणी कमी करू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं. एसटी महामंडळासारख्या संस्थाही यात येतात. २००३ च्या कुणाल सिंग खटल्यात, आधीच्या १९९५ च्या कायद्याखाली, पाय गमावलेल्या जवानाला सर्वोच्च न्यायालयानं हाच न्याय दिला होता. म्हणून सरकारी नोकरीतल्या माणसानं वैद्यकीय कारणावर घाईनं निवृत्ती मागू नये. आधी पर्यायी कामाचा अर्ज द्यावा.

खाजगीत ही हमी नाही. ईएसआय कायद्यानं एक ढाल दिली आहे: तात्पुरत्या अपंगत्वाचा किंवा आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. ती मुदत संपल्यावर खरी कसोटी येते. मोठ्या कारखान्यात स्टोअर, टूल रूमचा काउंटर, गुणवत्ता तपासणी अशी कामं असतात आणि मागितली तर मिळतातही. लहान वर्कशॉपमध्ये सहसा चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून राजीनामा लिहून घेतला जातो. त्यात लिहिलं जातं, "वैयक्तिक कारणास्तव."

हे दोन शब्द लिहू नका. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सेवा लागते, पण अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ही अट लागत नाही. आणि तिथे अपंगत्व म्हणजे पूर्वीचं काम करता न येणं एवढंच. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० आणि सेवा तीन वर्षं असेल तर २२,५०० रुपये होतात. "वैयक्तिक कारण" लिहिलं की शून्य. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, पण तब्येतीमुळे नोकरी सुटली असेल तर लागत नाही. इथेही तोच कागद विचारतात. राजीनामा द्यायचाच असेल तर लिहा: "अमुक तारखेला कामावर झालेल्या अपघातामुळे उजव्या हाताला आलेल्या कायमच्या अपंगत्वामुळे माझं पूर्वीचं काम मी करू शकत नाही." पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडण्याचं कारण मालक भरतो, त्यात कायमच्या अपंगत्वाचा पर्याय आहे. तो निवडला का, हे स्वतःच्या खात्यात जाऊन बघा.

कर: ज्यांना लागतो त्यांच्यासाठी

१८,००० पगारवाल्याला आयकराची चिंता नाही. त्यानं ही जागा ओलांडून जावी, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असेल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. वर्षाचे अडीच हजार वाचतात. प्रमाणपत्राची प्रत पगार काढणाऱ्याला द्यावी लागते, आपोआप होत नाही.

शरीराच्या हानीबद्दल मिळालेली एकरकमी भरपाई सर्वसाधारणपणे उत्पन्न धरत नाहीत. ती बँकेत ठेवल्यावर येणारं व्याज मात्र उत्पन्न. रजेच्या काळात कंपनीनं दिलेला पगार हा पगारच. आणि अपघात पॉलिसीचा हप्ता आयकर वजावटीच्या ८०डी कलमात बसत नाही, ते कलम आरोग्य विम्यासाठी आहे. एजंट उलट सांगत असेल तर त्याला लिहून मागा.

जास्त पगारवाले विचारतात ते दिव्यांगांच्या वजावटीच्या ८०यू कलमाबद्दल. स्वतःला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च झाला की नाही याचा प्रश्न नाही, रक्कम ठरलेली. घरातला अवलंबून असलेला माणूस दिव्यांग असेल तर तेवढीच रक्कम ८०डीडी मध्ये. पण दोन्ही फक्त जुन्या करपद्धतीत. नुसत्या ८०यू साठी जुनी पद्धत धरणं बहुतेकांना तोट्याचं ठरतं. १५ लाख पगार, आर्थिक वर्ष २०२५-२६: जुन्या पद्धतीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, ८०सी चे (पीएफ, एलआयसी वगैरे बचतीचे) दीड लाख आणि ८०यू चे ७५,००० धरूनही कर १,८७,२०० रुपये. नव्या पद्धतीत काहीही न दाखवता ९७,५००. तीव्र अपंगत्वाचे १,२५,००० धरले तरी जुना आकडा १,७१,६०० वरच थांबतो. पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर नव्या पद्धतीत कर शून्यच. मोठं गृहकर्ज आणि घरभाडं दोन्ही असेल तरच जुन्या पद्धतीचा हिशेब मांडून बघावा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत, फॉर्म भरताना गोंधळू नका.

दिव्यांग ओळखपत्र मात्र कर लागो न लागो, काढून ठेवा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं कार्ड, त्यावर निळं, खाली पांढरं. आपल्या दोन बोटांच्या माणसाला पांढरंच मिळायची शक्यता जास्त, आणि त्याचा ईएसआयच्या २० टक्क्यांवर काही परिणाम होत नाही.

कोणी काय घ्यावं

ईएसआयमध्ये असाल तर सुरक्षा बीमाचे वीस रुपये आणि वर्षाच्या पगाराच्या पाचपट अपघात पॉलिसी. ईएसआय नसलेल्या लहान दुकानात, गॅरेजमध्ये असाल तर पॉलिसी दहापट घ्या आणि आठवड्याच्या भरपाईचं कलम जोडून घ्या, कारण मालकाकडून भरपाई कोर्टातून यायला वेळ लागतो. रिक्षावाले, प्लंबर, स्वतःचं काम करणारे यांना मालक नाही, पीएफ नाही. त्यांना पॉलिसी हा एकमेव आधार, तिथे कंजुषी नको. कंपनीनं काढलेली ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते, ती स्वतःची समजू नका.

आणि ज्यांचा पगार २०,५०० आहे आणि वाढ तोंडावर आहे, त्यांनी हे नीट वाचावं. एकवीस हजारांच्या वर गेलात की चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, ईएसआय राहतं. दुसऱ्या दिवसापासून होणाऱ्या इजेला ९० टक्के नाही, बोर्ड नाही. मशीन तेच, डाय तोच. वाढीचं पत्र हातात पडेल त्याच आठवड्यात पॉलिसीचा अर्ज भरा आणि कामाच्या रकान्यात "पॉवर प्रेस ऑपरेटर" लिहा.